समुपदेशनाचा ताळेबंद

अकोल्याहून वाशीमकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, वऱ्हाडचे काळे सपाट रान जिथे संपत येते आणि दक्षिणेकडील डोंगराळ प्रदेशाला जिथे आरंभ होतो, तिथे पातूर हे तालुक्याचे गाव वसलेले आहे. टेकडीच्या पोटात कोरलेल्या प्राचीन गुंफांमुळे आणि रेणुकामातेच्या स्थानामुळे हे गाव इतिहासाच्या अभ्यासकांस व भाविकांस परिचित असले, तरी प्रस्तुत लेखाचे प्रयोजन या दोहोंपैकी कोणतेही नसून, या तालुक्यातील प्रत्येक शाळेच्या कपाटात जपून ठेवलेली एक जाड बांधणीची वही हे आहे. वऱ्हाडात तिला दाखल-खारीज रजिस्टर म्हणतात. मुलाचे नाव, जन्मतारीख, कोणत्या तारखेस कोणत्या इयत्तेत दाखल झाला, कोणत्या तारखेस नाव खारीज झाले आणि कोणत्या कारणाने, असे तिचे रकाने असतात. आजोबांच्या नोंदीची नक्कल जातपडताळणीसाठी काढावयाची झाली म्हणजेच लोकांना या वहीची आठवण होते. एरवी ती मिटलेलीच असते. परंतु शाळेत समुपदेशक नेमल्याने मुलांचे खरोखर काही कल्याण होते की नाही, या आज ऐरणीवर आलेल्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास जी साधने लागतात, त्यांतील सर्वांत मोलाचे साधन याच वहीच्या शेवटच्या दोन रकान्यांत दडलेले आहे, असे माझे मत आहे.

प्रश्न ऐरणीवर आला तो न्यायालयाच्या आदेशामुळे. विशाखापट्टणम येथे शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी देशातील शिक्षणसंस्थांसाठी काही मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. त्यांनुसार शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ अथवा समाजकार्यकर्ता नेमावा, आणि त्याहून लहान संस्थांनी बाहेरील तज्ज्ञांशी रीतसर संबंध जोडून ठेवावा, असे ठरले. आदेश झाला, पण आदेशामागून पगाराची तरतूद यावी लागते, आणि तरतुदीची दरखास्त ज्या कचेरीत जाते तिथे पहिला प्रश्न एकच विचारला जातो: या पदाने साधणार काय? हा प्रश्न विचारणाऱ्या अधिकाऱ्यास हृदयशून्य ठरविणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. सार्वजनिक पैशाचा हिशेब मागणे हे त्याचे कर्तव्यच आहे. आणि ज्यांना समुपदेशनावर श्रद्धा आहे त्यांनी हा हिशेब देण्याची तयारी ठेवली नाही, तर पहिल्या काटकसरीच्या वर्षीच हे पद रद्द होईल.

अडचण अशी आहे की, समुपदेशनाचे फळ बव्हंशी न घडलेल्या गोष्टींत असते. मुलीने शाळा सोडली नाही, मुलाने हात उगारला नाही, परीक्षेच्या आदल्या रात्री कोणी घर सोडून निघून गेले नाही; या गोष्टींची नोंद कोणत्या वहीत करावयाची? शेताला बांध घातल्यानंतर जी माती वाहून गेली नाही ती कोणी मोजत बसत नाही, आणि बांध नसलेले शेजारचे शेत पाहिल्यावाचून तिची किंमतही कळत नाही. म्हणून पुष्कळ ठिकाणी समुपदेशक आपल्या कामाचा अहवाल देताना मोजावयास सुलभ तेवढेच मोजतात: अमुक इतकी व्याख्याने झाली, तमुक इतक्या मुलांची भेट घेतली, इतके पालक सभेस हजर राहिले. हे आकडे खोटे नसतात. परंतु ते श्रमाचे आकडे आहेत, फळाचे नव्हेत. त्यांच्यावर एक पायरी चढले म्हणजे दुसऱ्या जातीचे आकडे भेटतात. भेटीनंतर मुलांना काय वाटले, त्यांच्या माहितीत आणि दृष्टीत काय फरक पडला, हे प्रश्नावलीने विचारून ते मिळतात. त्यांनाही मोल आहे, मात्र ज्या गुरुजींनी आपुलकीने वागविले त्यांच्याविषयी मूल चांगलेच लिहिणार, हा मनुष्यस्वभाव त्यांत मिसळलेला असतो. तिसरी आणि शेवटची पायरी हजेरी, इयत्ता, वर्तन, निकाल आणि पुढील प्रवेश यांत प्रत्यक्ष फरक पडला काय, ही. अमेरिकेतील शालेय समुपदेशकांच्या संघटनेने २००३ साली आपल्या व्यवसायाचा जो राष्ट्रीय आराखडा सिद्ध केला, त्यात हीच त्रिविध विभागणी मध्यवर्ती होती, आणि समुपदेशकाच्या कामामुळे विद्यार्थी कशा रीतीने वेगळा झाला, या एका प्रश्नाभोवती तो सारा आराखडा उभा होता.

समुपदेशनाची कल्पना आपल्याकडे नवी आहे असे मात्र कोणी समजू नये. फ्रँक पार्सन्स याने १९०८ साली बोस्टन शहरात तरुणांना व्यवसायाची निवड करण्यास साहाय्य करणारे कार्यालय उघडले, आणि त्यानंतर चाळीस वर्षांच्या आतच मुंबईत व्यवसायमार्गदर्शनाच्या संस्था उभ्या राहिल्या. पुढे मुंबई सरकारनेही त्यासाठी स्वतंत्र कचेरी स्थापन केली. पुण्यात ज्ञानप्रबोधिनीने १९६२ पासून मानसशास्त्रीय कसोट्यांचा शिक्षणात पद्धतशीर उपयोग केला. मुदलियार आयोगाने १९५३ च्या अहवालात माध्यमिक शाळांतील मार्गदर्शनाचा पुरस्कार केला, आणि १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने तर व्यवहार्य तोडगाच सुचविला: प्रत्येक शाळेस स्वतंत्र माणूस देणे तूर्त शक्य नसेल, तर दर दहा माध्यमिक शाळांमागे एक फिरता समुपदेशक नेमावा. ही सूचना साठ वर्षे कागदावर राहिली. ती तशी राहण्याची कारणे अनेक असतील, पण ती पाळल्याने काय लाभ होतो हे आपल्या मातीतील आकड्यांनिशी दाखविणारे फारसे कोणी नव्हते, हेही त्यांतील एक आहे.

वस्तुतः शाळेच्या दप्तरातून सत्य वाचण्याची परंपरा महाराष्ट्रात उत्तम होती. हार्टोग समितीने १९२९ साली हिंदुस्थानातील प्राथमिक शिक्षणाच्या दोन व्याधींवर बोट ठेवले होते: मुले मध्येच शाळा सोडतात ती गळती, आणि एकाच इयत्तेत वर्षानुवर्षे अडकून राहतात ते स्थगन. पुण्याच्या गोखले संस्थेत धनंजयराव गाडगीळ आणि वि. म. दांडेकर यांनी सातारा जिल्ह्यातील प्राथमिक शिक्षणाच्या ज्या दोन पाहण्या केल्या व ज्यांचे अहवाल १९५५ साली एकत्र प्रसिद्ध झाले, त्यांचा विषय हाच होता. शाळेत गेलेला माणूस पुढे साक्षर राहतो काय, आणि शाळेत आलेले मूल कितव्या पायरीवर गळते, हे दोन प्रश्न या अर्थशास्त्रज्ञांनी शेतीच्या उत्पन्नाच्या पाहणीस शोभेल अशा काटेकोरपणाने हाताळले. शाळांची संख्या किती वाढली यावरून शिक्षण किती झाले हे ठरविता येत नाही, ही गोष्ट आज सर्वमान्य वाटते. ती सर्वमान्य व्हावी म्हणून कोणाला तरी आधी ती मोजावी लागली.

त्या पद्धतीचे सार असे की, एका वर्षी एका इयत्तेत असलेल्या सर्व मुलांचा एक जथा धरावयाचा आणि त्यातील प्रत्येक मूल पुढील वर्षी कुठे आहे ते पाहावयाचे. वार्षिक निकालाची टक्केवारी हे काम करू शकत नाही, उलट पुष्कळदा फसविते. समजा, एखाद्या शाळेत नववीतून दहावीत जाताना कच्ची मुले निरनिराळ्या सबबींवर गळाली किंवा त्यांना बाहेरून परीक्षेस बसण्याचा सल्ला देण्यात आला, तर त्या शाळेचा दहावीचा निकाल सुधारलेला दिसेल. आणि ज्या शाळेतील समुपदेशकाने अशी मुले जीव तोडून टिकवून धरली, त्या शाळेचा निकाल एखाद्या वेळी खालावलेला दिसेल. म्हणजे ज्याने काम केले तोच दोषी ठरावा, अशी ही मोजणी आहे. परीक्षेस बसलेल्यांपैकी किती उत्तीर्ण झाले हा प्रश्न सोडून, आठवीत पट होता त्यांपैकी किती मुले दहावी उत्तीर्ण होऊन अकरावीत, आय. टी. आय.मध्ये किंवा अन्य अभ्यासक्रमात गेली, हा प्रश्न विचारावयास हवा. महाराष्ट्रात २०१५ पासून सरल प्रणालीत प्रत्येक विद्यार्थ्याची स्वतंत्र क्रमांकाने नोंद होऊ लागल्यामुळे, एका शाळेचा दाखला घेऊन दुसऱ्या शाळेत गेलेले मूल आणि शिक्षणच सोडून दिलेले मूल यांतील भेद आता ओळखता येतो. गाडगीळ-दांडेकरांच्या काळी ही सोय नव्हती.

पातूरसारख्या तालुक्यात आकडे वाचताना शेतीचे पंचांग जवळ ठेवावे लागते. पावसाळ्याच्या शेवटी सोयाबीनची सोंगणी येते, दसऱ्या-दिवाळीपासून कापसाची वेचणी लागते, आणि त्या महिन्यांत आलेगाव, चान्नी, विवरा, सस्ती अशा गावांतील शेतमजुरांच्या घरची मुले हजेरीपटावर गैरहजर दिसू लागतात. मोठी मुलगी वेचायला जाते किंवा आई वेचायला गेली म्हणून धाकट्यांना सांभाळायला घरी राहते. जून-जुलैत कामावर रुजू झालेल्या समुपदेशकाने नोव्हेंबरातील हजेरी पाहून आपण अपयशी झालो असे मानणे जितके चूक, तितकेच फेब्रुवारीत हजेरी वाढली म्हणून आपली पाठ थोपटून घेणेही चूक. तुलना करावयाची ती गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी, आणि तीही समुपदेशक नसलेल्या शेजारच्या शाळांतील त्याच महिन्याच्या हजेरीबरोबर ठेवून. कारण एखाद्या वर्षी पाऊसच उशिरा आला आणि बोंड उशिरा फुटले, तर साऱ्या तालुक्याची हजेरी एकदम सरकते.

याहून सूक्ष्म असा आणखी एक सापळा आहे, आणि भल्याभल्यांची त्यात फसगत होते. सप्टेंबर महिन्यात सर्वांत अधिक गैरहजर राहिलेली वीस मुले निवडली, त्यांच्याशी समुपदेशकाने संभाषण केले, आणि पुढील महिन्यांत त्यांची सरासरी हजेरी वाढली, असे दिसले तर ती वाढ सगळी समुपदेशनाची काय? नव्हे. कोणत्याही महिन्यात अगदी तळाशी असलेली मुले निवडली तर त्यांपैकी काही त्या महिन्यापुरतीच तळाशी गेलेली असतात: कोणाला ताप आला होता, कोणाच्या घरी लग्न होते, कोणाच्या गावाची एस. टी. बंद होती. पुढच्या महिन्यात ती आपोआप वर येतात. फ्रान्सिस गॉल्टन याने एकोणिसाव्या शतकात उंच आईबापांच्या मुलांची उंची मोजताना ओळखलेली हीच ती सरासरीकडे परतण्याची प्रवृत्ती. म्हणून तशीच गैरहजर, पण समुपदेशकाकडे अद्याप न पोहोचलेली दुसरी वीस मुले शेजारी ठेवून पाहिल्यावाचून कोणत्याही निष्कर्षास येता कामा नये.

एवढ्या कसोट्या लावूनही समुपदेशन टिकते काय? टिकते; आणि हे सांगण्यास आता भक्कम आधार आहेत. अमेरिकेतील मिसूरी राज्यात १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत २३६ माध्यमिक शाळांतील २२,९६४ विद्यार्थ्यांची उत्तरे अभ्यासली गेली; शाळेचा आकार आणि मुलांची आर्थिक स्थिती यांचा परिणाम वजा करूनही असे आढळले की, जिथे मार्गदर्शनाचा कार्यक्रम पूर्णांशाने राबविला जात होता, तिथे मुले आपले गुण अधिक चांगले असल्याचे, भविष्याची तयारी अधिक झाल्याचे आणि शाळेचे वातावरण अधिक अनुकूल असल्याचे सांगत होती. पण मिसूरी दूर आहे, आणि ज्या शाळा मुळातच चांगल्या चाललेल्या असतात तिथेच असे कार्यक्रम नीट राबविले जातात, अशी शंका कोणी घेतली तर ती निराधार म्हणता येणार नाही.

ही शंका फेडणारा प्रयोग बिहारच्या नालंदा जिल्ह्यात झाला, आणि त्याचा तपशील प्रत्येक शिक्षणाधिकाऱ्याने वाचावा असा आहे. गोव्यात १९९६ साली स्थापन झालेल्या संगाथ या संस्थेने केलेला हा प्रयोग ‘सेहर’ या नावाने ओळखला जातो. जिल्ह्यातील ७४ शासकीय माध्यमिक शाळांची तीन गटांत विभागणी झाली, आणि कोणती शाळा कोणत्या गटात जाईल हे कोणाच्या शिफारशीने ठरले नाही, तर निव्वळ यदृच्छेने ठरविण्यात आले. एका गटातील प्रत्येक शाळेला स्थानिक पदवीधरांतून निवडून प्रशिक्षण दिलेला एक पूर्णवेळ माणूस मिळाला. तो मानसशास्त्रज्ञ नव्हता, त्याला ‘सेहर मित्र’ म्हणत. दुसऱ्या गटात तेच काम शाळेतीलच एका शिक्षकावर सोपविण्यात आले. तिसऱ्या गटात नेहमीचा अभ्यासक्रम तेवढा चालू राहिला. भित्तिपत्रक चालविणे, मनातले लिहून टाकण्यासाठी पेटी ठेवणे, वर्गावर्गांत मुलांचे गट बांधणे, व्याख्याने, स्पर्धा, आणि ज्याला गरज असेल त्याच्याशी एकान्तात संभाषण, असे या कामाचे स्वरूप होते. आरंभी नववीच्या १३,०३५ मुलांची प्रमाणित प्रश्नावल्यांनी पाहणी झाली आणि शाळेच्या वर्षाअखेरीस १४,४१४ मुलांची.

‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सेहर मित्र असलेल्या शाळांत शाळेचे वातावरण मुलांना लक्षणीय प्रमाणात अधिक चांगले वाटू लागले होते. नैराश्याची लक्षणे कमी झाली होती, परस्परांना छळणे कमी झाले होते, मारहाण करणे आणि मारहाण सोसणे ही दोन्ही कमी झाली होती. दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस हा परिणाम ओसरला नव्हता. उलट वाढला होता. आणि जिथे तेच काम शिक्षकावर सोपविले होते, त्या शाळांत व नेहमीचा अभ्यासक्रमच चालू राहिलेल्या शाळांत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही.

या शेवटच्या वाक्यापाशी थांबले पाहिजे, कारण आपल्या राज्यात नेमका हाच मार्ग सर्वांत स्वस्त म्हणून पुनःपुन्हा पुढे केला जातो. एखाद्या शिक्षकाला दोन-चार दिवसांचे प्रशिक्षण द्यावे, त्याच्या नावापुढे समुपदेशक असे लिहावे आणि अहवाल वर पाठवावा. नालंदाच्या शिक्षकांत बुद्धी किंवा माया कमी होती, असा याचा अर्थ मुळीच नाही. शिक्षकाला तासिका असतात, शालेय पोषण आहाराचा हिशेब असतो, निवडणुकीचे व जनगणनेचे काम असते, ऑनलाइन भरावयाच्या माहितीचा रोजचा तगादा असतो; त्यातून उरलेल्या वेळात एका रडणाऱ्या मुलीशेजारी अर्धा तास स्वस्थ बसणे त्याला शक्य होत नाही. शिवाय ज्याच्या हाती गुण आणि शिक्षा आहेत, त्याच्यापाशी मूल आपली भीती उघड करीत नाही. बिहारच्या आकड्यांनी हे सिद्ध केले की, शाळेला हवे आहे ते स्वतंत्र माणूस आणि त्याचा पूर्ण वेळ. उच्च पदवी नसली तरी चालेल. पातूरच्या तरुण-तरुणींत असे पदवीधर शोधावे लागणार नाहीत, ते कामाच्या शोधात घरी बसलेले आहेत.

आपल्या वऱ्हाडातीलही एक उदाहरण आहे, जरी ते शाळेचे नसून गावाचे आहे. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प राबविला गेला. शेतकरी-आत्महत्यांनी होरपळलेल्या या मुलखात गावातीलच कार्यकर्त्यांना शिकवून घरोघर नैराश्याविषयी बोलते करणे आणि गरजू माणसाला समुपदेशकापर्यंत व डॉक्टरपर्यंत पोहोचविणे, हा त्याचा हेतू होता. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या अहवालानुसार, नैराश्य असलेल्यांपैकी मदत मिळविणाऱ्यांचे प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले, आणि गेल्या बारा महिन्यांत जीव देण्याचे विचार मनात आल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाण ५.२ टक्क्यांवरून २.५ टक्क्यांवर आले. हे आकडे हृदयाला दिलासा देणारे आहेत. तथापि येथे तुलनेसाठी दुसरी गावे नव्हती, केवळ आधीची आणि नंतरची स्थिती होती, म्हणून विचारांतील ही घट सर्वस्वी प्रकल्पाचीच असे म्हणता येणार नाही. मदत मिळविणाऱ्यांतील सहापट वाढ मात्र दुसऱ्या कोणत्याही कारणाने होणे दुर्घट आहे. एकाच अहवालातील दोन आकड्यांचे वजन असे वेगवेगळे असू शकते. ज्यांच्या घरी कर्जाची चिंता जेवणाच्या ताटापर्यंत येऊन बसते, त्या घरांतील मुले आपल्या शाळांत बसलेली आहेत. तेव्हा गावासाठी जे उपयोगी पडले ते शाळेसाठी परके नाही.

आत्महत्येचा उल्लेख आला म्हणून एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे अवश्य आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशभरातील १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची नोंद आहे, आणि त्यांत १,७६४ महाराष्ट्रातील, म्हणजे कोणत्याही राज्यापेक्षा अधिक. समुपदेशनाची निकड पटविण्यास हा एक आकडा पुरेसा आहे. परंतु एखाद्या शाळेतील किंवा तालुक्यातील समुपदेशकाच्या कामाची परीक्षा या आकड्याने कधीही करू नये. तालुक्याच्या पातळीवर अशी घटना सुदैवाने विरळ असते. एका वर्षी शून्य, दुसऱ्या वर्षी एक, एवढ्या फरकावरून कोणताही शास्त्रीय निष्कर्ष निघत नाही. शून्याच्या वर्षी कौतुक आणि एकाच्या वर्षी चौकशी, असा दंडक पडला तर त्या पदावर कोणी टिकणार नाही, आणि मुलाच्या मनातील धोक्याची नोंद करण्यास प्रत्येकजण कचरेल.

नोंदीचा विषय निघाला म्हणजे गुप्ततेचा येतोच, आणि तालुक्याच्या गावी त्याला शहरापेक्षा अधिक महत्त्व आहे. पातुरात कोणाची मुलगी समुपदेशकाच्या खोलीत गेली हे सायंकाळपर्यंत बाजारात ठाऊक होऊ शकते. म्हणून दोन दप्तरे निराळी ठेवली पाहिजेत. मुलाने काय सांगितले ते समुपदेशकाच्या कुलपातील वहीत राहील, आणि कायद्याने कळविणे बंधनकारक असलेल्या प्रसंगाखेरीज ते मुख्याध्यापकासही दाखविले जाणार नाही. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यास ती कळविणे २०१२ च्या पोक्सो कायद्याने सक्तीचे केले आहे, हे मुलालाही आरंभीच सांगून ठेवावे. कचेरीकडे जाणाऱ्या तक्त्यात नावे नसतील, केवळ बेरजा असतील. आणि जिथे बेरीजच दोन-तीनची आहे, तिथे ती शाळेच्या नावाने न लिहिता अनेक शाळांच्या बेरजेत मिळवावी, कारण छोट्या गावात ‘नववीतील दोन मुली’ एवढेही नाव घेतल्यासारखेच होते. हे पथ्य न पाळता गोळा केलेले आकडे उद्या खरे असले तरी परवा खोटे होतील, कारण मुले बोलायचीच थांबतील.

नुसत्या मोठ्या आकड्याने मोल सिद्ध होत नाही, याचे उदाहरण राज्यातच आहे. महाराष्ट्र शासनाने २०१६ साली दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी कलचाचणी सुरू केली. कृषी, वाणिज्य, कला, ललित कला, आरोग्य, तांत्रिक आणि गणवेशधारी सेवा अशा सात क्षेत्रांपैकी आपला ओढा कोणीकडे आहे हे लाखो मुलांना कळविण्यात आले, आणि एवढ्या विस्ताराने असे काम या देशात क्वचितच झाले असेल. हेतू उदात्त होता. पण कल कळलेले मूल खरोखर त्या वाटेने गेले काय, आणि गेलेले तिथे अधिक टिकले काय, या दोन प्रश्नांच्या उत्तरावाचून त्या अहवालाची किंमत ठरविता येत नव्हती. शिवाय पातूर तालुक्यातील ज्या मुलाचा कल ललित कलेकडे निघाला, त्याला ते शिक्षण जवळपास कुठे मिळेल, हे सांगणारे माणूस शाळेत हवे होते. काही वर्षांनी ती चाचणी मागे पडली.

तेव्हा पातुरात हे काम करावयाचे झाल्यास कसे करावे? एका शाळेच्या आकड्यांवर विसंबून राहता येणार नाही. समजा, एका शाळेच्या नववीत साठ मुले आहेत आणि समुपदेशक येण्यापूर्वीच्या वर्षी सहा गळाली, नंतरच्या वर्षी तीन. गळती निम्म्यावर आली असे वाक्य अहवालात फार शोभून दिसेल. परंतु साठांतून सहाचे तीन होणे हे निव्वळ योगायोगानेही सहज घडते, आणि जाणकार माणूस त्यावर विश्वास ठेवणार नाही. तेच दहा शाळांच्या मिळून सहाशे मुलांत साठांचे तीस झाले, तर तो योगायोग असण्याचा संभव शेकड्यात एकाहूनही कमी उरतो. कोठारी आयोगाने दहा शाळांचा गट सुचविला तो खर्चाच्या विचाराने. पण मोजणीच्या दृष्टीनेही तोच गट सोयीचा आहे, हा एक चांगला योग आहे. मराठी आणि उर्दू या दोन्ही माध्यमांच्या शाळा त्या गटात असाव्यात आणि प्रश्नावल्या दोन्ही भाषांत सिद्ध कराव्यात. अन्यथा पातूरची अर्धी कहाणी वगळली जाईल. श्री शिवाजी शिक्षण संस्थेसारख्या संस्थांनी १९३२ पासून वऱ्हाडच्या खेड्यांपर्यंत शाळा नेल्या, त्यांच्या तालुक्यातील आजच्या पटाची तीन वर्षे अशी सलग मोजणी करणे केंद्रप्रमुखांच्या आवाक्याबाहेरचे नाही.

खारीज होण्याच्या कारणाचा रकाना भरण्याची रीत मात्र बदलावी लागेल. ‘पालकाच्या इच्छेवरून’ आणि ‘सतत गैरहजर’ या दोन शेऱ्यांतून काहीही कळत नाही. स्थलांतर, मजुरी, विवाह, आजार, नापास होण्याची भीती, एस. टी.ची गैरसोय, शाळेतील छळ, अशी आठ-दहा कारणे ठरवून त्यांतील एक नोंदविण्याची शिस्त लावली, तर समुपदेशकाच्या हातची कारणे कोणती आणि तहसीलदाराच्या किंवा एस. टी. महामंडळाच्या हातची कोणती, हे वेगळे होईल. आणि जे दुःख समुपदेशनाने दूर होणारच नव्हते, त्याचे अपयश समुपदेशकाच्या माथी बसणार नाही.

राहिला प्रश्न तुलनेचा. सगळ्या शाळांना एकाच वर्षी माणूस देण्याइतका पैसा मिळणार नाही हे उघड आहे, आणि कोणत्या दहा शाळांना आधी द्यावा यावरून पंचायत समितीत ओढाताण होणार हेही उघड आहे. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत समान मते पडली म्हणजे आपण ईश्वरचिठ्ठी काढतो आणि तिचा निर्णय दोन्ही पक्ष मानतात. तीच रीत येथे वापरावी: तालुक्यातील सर्व माध्यमिक शाळांच्या नावांच्या चिठ्ठ्या सर्वांसमक्ष एका डब्यात टाकाव्यात, पहिल्या दहांना या जूनपासून समुपदेशक द्यावा, पुढील दहांना दोन वर्षांनंतर, आणि दोन्ही गटांची हजेरी, गळती व पुढील प्रवेश यांचे तक्ते पहिल्या दिवसापासून सारख्याच नमुन्यात भरावेत. कोणावर अन्याय झाला असे म्हणता येणार नाही, आणि दोन वर्षांनी गटशिक्षणाधिकारी जी दरखास्त जिल्हा परिषदेकडे पाठवतील, तिला नालंदाचा दाखला जोडण्याची गरज उरणार नाही.